मेघनाद साहा : मिठातला अणू आणि सूर्यावरचा अणू

आमटी उतू जाऊन शेगडीवर सांडली, की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. आमटीत मीठ असते, मिठात सोडियम असते आणि ज्योतीत तापलेला सोडियमचा अणू पिवळा प्रकाश देतो. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांतही हाच सोडियम काम करत असे. सूर्याचा प्रकाश लोलकातून पसरवून बारकाईने पाहिला, तर पिवळ्या पट्ट्यात नेमक्या याच जागी दोन काळ्या रेषा दिसतात. सूर्यावर सोडियम आहे, हे त्यावरून कळते.

मात्र एक गोष्ट शास्त्रज्ञांना बरीच वर्षे कोड्यात टाकत होती. सोडियमच्या कुळातली रुबिडियम आणि सीझियम ही मूलद्रव्ये पृथ्वीवर आहेत, पण सूर्याच्या प्रकाशात त्यांचा मागमूस नव्हता. ती सूर्यावर नाहीतच, की आहेत पण दिसत नाहीत? याचे उत्तर १९२० मध्ये कोलकात्यातल्या सव्वीस वर्षांच्या एका अध्यापकाने दिले. त्याच्याकडे मोठी दुर्बीण नव्हती, नीट प्रयोगशाळाही नव्हती. त्याच्या वडिलांचे खेड्यात किराणा मालाचे छोटे दुकान होते. त्याचे नाव मेघनाद साहा.

दुकानाऐवजी शाळा

साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेओरातली या खेड्यात झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडील जगन्नाथ, आई भुवनेश्वरी देवी. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. घरची परिस्थिती बेताची होती. मुलाने अक्षर-आकडे शिकून दुकानात मदत करावी, एवढीच वडिलांची अपेक्षा होती. गावातली प्राथमिक शाळा संपली, तेव्हा शिक्षण तिथेच थांबायचे होते. पुढची शाळा शिमुलिया गावात, सुमारे दहा किलोमीटरवर. तिथे राहायचे कुठे आणि खायचे काय, हा प्रश्न होता.

तो सोडवला गावातल्या अनंत कुमार दास नावाच्या डॉक्टरांनी. त्यांनी या मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले. जेवणाखाण्याचे पैसे घेतले नाहीत. त्या बदल्यात मेघनादांना घरच्या गायीची देखभाल करावी लागे आणि आपले ताट आपणच धुवावे लागे. यातली ताटाची अट जातीमुळे होती. साहांची जात त्या काळच्या उतरंडीत खालची मानली जाई. थोरले भाऊ ज्यूट कंपनीत नोकरीला होते. तुटपुंज्या पगारातून ते धाकट्या भावाला दरमहा पाच रुपये पाठवत.

शिष्यवृत्ती मिळवून १९०५ मध्ये मेघनाद ढाक्याच्या कॉलेजिएट स्कूलमध्ये दाखल झाले. ते वर्ष बंगालच्या फाळणीचे होते. गव्हर्नरांच्या भेटीच्या वेळी विद्यार्थ्यांनी निषेध केला. त्यात सामील असल्याबद्दल मेघनादांना शाळेतून काढून टाकले गेले आणि शिष्यवृत्तीही गेली. बारा वर्षांच्या गरीब मुलासाठी हा फटका मोठा होता. ढाक्यातल्याच किशोरीलाल जुबिली स्कूलने त्यांना आसरा दिला. १९०९ च्या प्रवेश परीक्षेत ते पूर्व बंगालच्या विद्यार्थ्यांमध्ये पहिले आले.

ढाका कॉलेजात त्यांनी जर्मन भाषा शिकून घेतली. तेव्हा तो केवळ एक जादा विषय होता. दहा वर्षांनी मात्र त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या शोधाची वाट याच भाषेतून उघडणार होती.

कोलकात्यातली वर्षे

१९११ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. वर्गात सत्येंद्रनाथ बोस होते. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय शिकवायला होते. बी. एस्सी. आणि पुढे एम. एस्सी. या दोन्ही परीक्षांत सत्येंद्रनाथ पहिले आणि मेघनाद दुसरे आले. वसतिगृहात मात्र जातीचा प्रश्न इथेही पाठ सोडत नव्हता. काही मुलांना त्यांच्या पंक्तीला बसून जेवणे नको होते.

नोकरी म्हणून त्यांनी सरकारी वित्त सेवेचा विचार केला होता. क्रांतिकारकांशी ओळख असल्याच्या संशयावरून त्यांना त्या परीक्षेला बसू दिले गेले नाही. शिकवण्या करण्यासाठी कोलकात्यात सायकलवरून हिंडत त्यांनी दिवस काढले. १९१६ मध्ये सर आशुतोष मुखर्जी यांनी नव्या सायन्स कॉलेजात साहा आणि बोस या दोघांनाही अध्यापक म्हणून घेतले. साहा गणिताचे पदवीधर, पण थोड्याच काळात भौतिकशास्त्र शिकवू लागले. त्यातही वाट्याला आलेले विषय होते उष्मागतिकी आणि वर्णपटशास्त्र. जे आपण नीट शिकलो नाही तेच शिकवायचे, म्हणून रात्री वाचायचे आणि सकाळी शिकवायचे, असा क्रम सुरू झाला.

पहिल्या महायुद्धामुळे युरोपातली नियतकालिके वेळेवर येत नव्हती. शहरातल्या एका प्राध्यापकाकडची जर्मन पुस्तके उसनी आणून साहा आणि बोस वाचत. दोघांनी मिळून आइनस्टाइन यांचे सापेक्षतेवरचे मूळ निबंध जर्मनमधून इंग्रजीत आणले. कलकत्ता विद्यापीठाने ते १९२० मध्ये छापले.

याच काळात साहांच्या हाती अॅग्नेस क्लर्क या लेखिकेची सामान्य वाचकांसाठी लिहिलेली खगोलशास्त्रावरची पुस्तके आली. सूर्याच्या वर्णपटातली न सुटलेली कोडी त्यांत सोप्या शब्दांत मांडलेली होती. त्या कोड्यांनी साहांना घेरले.

अडचणी पैशांच्याही होत्या. प्रकाशाच्या दाबावरचा एक मोठा लेख त्यांनी अमेरिकेतल्या खगोलभौतिकीच्या नामांकित नियतकालिकाकडे पाठवला होता. लेख लांब होता, त्यामुळे छपाईच्या खर्चाचा काही भाग लेखकाने द्यावा, असे तिकडून कळवले गेले. तेवढे पैसे साहांकडे नव्हते. अखेर तिकडे एक छोटे टिपण छापले गेले आणि पूर्ण लेख कोलकात्यातल्याच विद्यापीठाच्या पत्रिकेत आला. तो जगातल्या फार थोड्या लोकांनी पाहिला.

इलेक्ट्रॉनची किंमत

साहांनी काय केले हे कळण्यासाठी आपण थोडा वेळ परत मिठाकडे येऊ.

शाळेत आपण शिकलो, की सोडियमच्या अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. तो सोडियम देऊन टाकतो आणि क्लोरीन घेतो. मग धन आयन आणि ऋण आयन एकमेकांना चिकटतात आणि मीठ तयार होते. हे चित्र बरोबर आहे, पण त्यामुळे एक गैरसमज घर करून बसतो. सोडियम आपला इलेक्ट्रॉन फुकट, खुशीने देतो, असे आपल्याला वाटू लागते.

तसे होत नाही. अणुकेंद्रातला धन प्रभार इलेक्ट्रॉनला धरून ठेवतो. त्याला ओढून बाहेर काढायचे तर ऊर्जा खर्च करावी लागते. वायुरूपातल्या एकट्या अणूतून सर्वांत सैल धरलेला इलेक्ट्रॉन काढायला जी ऊर्जा लागते, तिला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. ही त्या इलेक्ट्रॉनची किंमतच. प्रत्येक मूलद्रव्याची किंमत वेगळी, आणि ती अणूगणिक बदलत नाही.

२३ ग्रॅम सोडियमच्या वाफेतल्या प्रत्येक अणूचा एकेक इलेक्ट्रॉन काढायचा, तर ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते. एवढ्या ऊर्जेत सुमारे दीड लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणता येते. तेच इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंना दिले, तर ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे नुसती देवघेव पाहिली तर १४७ किलोज्यूलचा तोटाच आहे. शिवाय सोडियम धातूची वाफ करायला १०७ आणि क्लोरीनच्या जोड्या तोडायला १२२ किलोज्यूल लागतात. तोटा ३७६ वर जातो.

मग मीठ तयार होतेच कसे? कारण धन आणि ऋण आयन एकमेकांजवळ येऊन स्फटिकात रचून बसतात, तेव्हा ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. सगळा तोटा भरून निघतो आणि वर ४११ किलोज्यूल उरतात. आयनिक बंध टिकतो तो या शिलकीवर. किराणा दुकानाच्या वहीत असावा तसा हा सरळ जमाखर्च आहे. मॅक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी तो १९१९ च्या सुमारास जर्मनीत मांडला.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. सोडियम दुसरा इलेक्ट्रॉन का देत नाही? पहिला गेल्यावर उरलेला सोडियम आयन निऑनसारखा पूर्ण भरलेल्या कक्षेचा होतो. त्यातून दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा तर पहिल्याच्या नऊपटीहून जास्त ऊर्जा लागते. एवढा खर्च स्फटिकाच्या बांधणीतून भरून निघत नाही. कॅल्शियमचे तसे नाही. त्याच्या बाहेरच्या कक्षेत दोन इलेक्ट्रॉन असतात आणि दोन्ही त्या मानाने परवडण्याजोग्या किमतीत निघतात. म्हणून मिठात एका सोडियममागे एक क्लोरीन असतो आणि कॅल्शियम क्लोराइडमध्ये एका कॅल्शियममागे दोन.

एकेका अणूसाठी ही किंमत इलेक्ट्रॉनव्होल्ट या छोट्या एककात सांगतात. सीझियमची ३.९, रुबिडियमची ४.२, पोटॅशियमची ४.३, सोडियमची ५.१, कॅल्शियमची ६.१, हायड्रोजनची १३.६ आणि हेलियमची २४.६. हे सात आकडे लक्षात ठेवले, तर साहांचा शोध समजायला फारसे गणित लागत नाही.

सूर्यावरचे कोडे

खग्रास सूर्यग्रहणात चंद्राने सूर्यबिंब झाकले, की कडेला लालसर रंगाचा एक पातळ थर दिसतो. त्याला वर्णावरण म्हणतात. त्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या दोन ठळक रेषा अतिशय उंचावरपर्यंत दिसत. प्रयोगशाळेत साध्या ज्योतीत कॅल्शियम तापवले तर दिसणारी रेषा वेगळी. या दोन रेषा विजेच्या ठिणगीसारख्या फार तप्त ठिकाणीच जोरात उमटत. त्या इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमच्या रेषा होत्या. मग सूर्याच्या पृष्ठभागापासून दूर, जिथे वायू अत्यंत विरळ आहे, तिथे त्या इतक्या ठळक का? वर जाताना सूर्य अधिक तापत जातो, असे काहींनी सुचवले होते. पण तसे का व्हावे, याचे कारण कुणाकडे नव्हते.

१९१९ मध्ये साहांच्या वाचनात जॉन एगर्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा लेख आला. ताऱ्यांच्या पोटातल्या वायूतून इलेक्ट्रॉन सुटण्याच्या क्रियेला एगर्ट यांनी रासायनिक अभिक्रियेचे सूत्र लावले होते. पण इलेक्ट्रॉन काढण्याच्या ऊर्जेचा आकडा त्यांनी अंदाजाने घेतला होता. साहांच्या लक्षात आले, की अंदाजाची गरजच नाही. अनेक मूलद्रव्यांची आयनीभवन ऊर्जा तोवर प्रयोगशाळांत मोजली गेली होती. ते आकडे सूत्रात घातले, की सूर्याचे आणि ताऱ्यांचे गणित मांडता येईल.

ही कल्पना समजायला चुन्याची भट्टी डोळ्यांसमोर आणू. चुनखडी तापवली की तिचे दोन भाग होतात, कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड वायू. भट्टीतून वायू मोकळेपणी निघून गेला तर काम झटपट होते. भट्टी बंद करून वायू कोंडला तर तो चुन्याशी पुन्हा जुळतो आणि काम अडते. म्हणजे किती चुनखडी फुटेल, हे तीन गोष्टींवर ठरते. फोडायला किती ऊर्जा लागते, तापमान किती आहे आणि वायूचा दाब किती आहे.

साहांनी कॅल्शियमच्या अणूकडे असेच पाहिले. चुनखडीच्या जागी कॅल्शियमचा अणू, चुन्याच्या जागी कॅल्शियमचा आयन आणि निसटणाऱ्या वायूच्या जागी सुटा इलेक्ट्रॉन. तापमान वाढले की इलेक्ट्रॉन जास्त सुटतात. दाब कमी असेल, तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला परत जोडीदार आयन भेटण्याची शक्यता कमी होते आणि तो सुटाच राहतो.

सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस आहे. या तापमानाला कणांची सरासरी ऊर्जा एका इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षाही कमी भरते. कॅल्शियमची किंमत मात्र ६.१. तरीही काही थोडे कण सरासरीपेक्षा खूप वेगवान असतात आणि ते इलेक्ट्रॉन सोडवतात. वर्णावरणात वायू इतका विरळ असतो, की सुटलेला इलेक्ट्रॉन लवकर परत येत नाही. त्यामुळे उंचावर जवळजवळ सगळे कॅल्शियम आयनाच्या रूपात असते. त्यासाठी तापमान वाढल्याचे मानावे लागत नाही, दाब कमी असणे पुरेसे होते.

हे सगळे साहांनी एका समीकरणात बसवले. तापमान, दाब आणि आयनीभवन ऊर्जा दिली, की शेकडा किती अणूंनी इलेक्ट्रॉन गमावला ते त्यातून निघते. आज हे समीकरण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वर्णावरणातल्या आयनीभवनावरचा त्यांचा लेख ऑक्टोबर १९२० मध्ये लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला.

हरवलेले रुबिडियम

आता सुरुवातीचे कोडे सुटते. रुबिडियम आणि सीझियम यांची किंमत सर्वांत कमी. सूर्यावर त्यांचे जवळजवळ सगळेच अणू इलेक्ट्रॉन गमावून बसतात. उरलेला आयन, मिठातल्या सोडियम आयनासारखाच, पूर्ण भरलेल्या कक्षेचा असतो. अशा घट्ट आयनाच्या रेषा दृश्य प्रकाशात पडत नाहीत, दूरच्या अतिनील भागात पडतात. तो प्रकाश पृथ्वीचे वातावरण अडवते. म्हणून ही मूलद्रव्ये सूर्यावर असूनही जमिनीवरच्या दुर्बिणींना दिसत नव्हती. कॅल्शियमच्या आयनात मात्र बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन शिल्लक असतो, आणि त्याच्या रेषा जांभळ्या रंगात आपल्याला दिसतात. मिठात एका सोडियममागे एकच क्लोरीन का, याचे जे कारण, तेच सूर्यावरचा सोडियम आयन डोळ्यांआड राहण्याचेही कारण आहे.

साहांनी यातून एक भाकीत केले. सौर डाग हे सूर्याच्या पृष्ठभागाचे तुलनेने थंड भाग. तिथे काही रुबिडियम अणूंनी आपला इलेक्ट्रॉन राखलेला असणार, म्हणून त्याच्या रेषा डागांत शोधाव्यात. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत घेतलेल्या सौर डागांच्या वर्णपटांत हेन्री नॉरिस रसेल यांना रुबिडियमच्या रेषा मिळाल्या. कोलकात्यात कागदावर मांडलेले गणित कॅलिफोर्नियातल्या डोंगरावर खरे ठरले.

दरम्यान साहा युरोपात पोचले होते. त्यासाठी त्यांना दोन शिष्यवृत्त्या उपयोगी पडल्या. त्यांतली एक प्रेमचंद रायचंद यांच्या नावाची. मुंबईच्या विद्यापीठात आईच्या नावाने राजाबाई टॉवर उभारण्यासाठी देणगी देणारे कापसाचे व्यापारी ते हेच. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख रुपये दिले होते. मुंबईच्या कापसाच्या पैशातला एक वाटा असा साहांच्या प्रवासाच्या कामी आला.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजात आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत साहांना ताऱ्यांच्या वर्णपटांची ताजी माहिती हाती लागली. हार्वर्ड वेधशाळेत अॅनी जंप कॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखो तारे त्यांच्या रेषांवरून ओळीने लावले होते. पण ही ओळ अशीच का, हे ठाऊक नव्हते. कुठल्या ताऱ्यात हेलियमच्या रेषा, कुठल्यात हायड्रोजनच्या, कुठल्यात कॅल्शियमच्या, तर कुठल्यात अनेक धातूंच्या. प्रत्येक तारा वेगळ्या पदार्थाचा बनला आहे की काय, अशी शंका येत असे. साहांनी १९२१ मध्ये रॉयल सोसायटीच्या प्रकाशनात दाखवले, की ही ओळ मुख्यतः तापमानाची आहे. हेलियमची किंमत २४.६, म्हणून त्याच्या रेषा अतितप्त ताऱ्यांतच उठून दिसतात. कॅल्शियमच्या साध्या अणूची रेषा थंड ताऱ्यांत ठळक असते आणि तापमान वाढले की मावळते. ताऱ्याच्या प्रकाशातली रेषा म्हणजे त्याचा तापमापक झाली.

राल्फ फाउलर आणि एडवर्ड मिल्न या इंग्लंडमधल्या दोघांनी हे गणित पुढे अधिक नेमके केले. १९२५ मध्ये हार्वर्डमध्ये सिसिलिया पेन या तरुण संशोधिकेने तेच वापरून ताऱ्यांत काय किती आहे, याचा हिशेब मांडला. ताऱ्यांत हायड्रोजन इतर सगळ्यांपेक्षा प्रचंड प्रमाणात आहे, असे तिला आढळले. ज्येष्ठांनी तिला सबुरीने घ्यायला सांगितले, म्हणून प्रबंधात तिने स्वतःच्याच निष्कर्षावर शंका नोंदवली. काही वर्षांत ती बरोबर असल्याचे सिद्ध झाले. विश्व मुख्यतः हायड्रोजनचे आहे, हे आज शाळकरी मुलांना माहीत असते. त्या ज्ञानाच्या पायात साहांचे समीकरण आहे.

प्रयोगशाळेबाहेर

बर्लिनमध्ये वाल्टर नर्न्स्ट यांच्याकडे काही काळ काम करून साहा १९२१ च्या अखेरीस भारतात परतले. १९२३ पासून पंधरा वर्षे ते अलाहाबाद विद्यापीठात होते. तिथे शिकवण्याचा भार मोठा आणि साधने अपुरी होती. ज्या समीकरणाने जगभरच्या वेधशाळांना काम दिले, त्याचा प्रयोगाने पडताळा घेण्याइतकी सामग्री त्याच्या कर्त्याला नीट मिळाली नाही. १९२७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते मिळाले नाही. पुढे शिक्षण आयोगाचे अध्यक्ष म्हणून देशाला परिचित झालेले दौलतसिंह कोठारी हे त्यांचे अलाहाबादचे विद्यार्थी. उष्णतेवरचे साहा आणि श्रीवास्तव यांचे पाठ्यपुस्तक तर भारतीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरले.

विज्ञान लोकांच्या उपयोगी पडले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. १९३५ मध्ये त्यांनी ‘सायन्स अँड कल्चर’ हे मासिक सुरू केले. पूर त्यांनी लहानपणापासून पाहिले होते आणि तरुणपणी प्रफुल्लचंद्र राय यांच्यासोबत पूरग्रस्तांसाठी कामही केले होते. दामोदर नदीच्या पुरावर काय करावे, यावर त्यांनी सातत्याने लिहिले. १९४३ च्या पुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीत ते होते. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले, त्यामागे या लिखाणाचाही हात होता. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली, तिच्यासाठीही साहांनी आग्रह धरला होता. त्याच वर्षी कोलकात्याला परतल्यावर त्यांनी उभी केलेली अणुभौतिकी संस्था आज त्यांच्या नावाने चालते.

१९५२ मध्ये ते कोलकात्यातून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी त्यांच्याकडे पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्षपद आले. देशात तेव्हा तीसएक पंचांगे चालत होती. जुन्या गणितातले वर्ष खऱ्या ऋतुवर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे होते. शतकानुशतके हा फरक साठत गेला. सूर्याचे उत्तरायण प्रत्यक्षात २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते, आणि आपण तिळगूळ वाटतो तो जानेवारीच्या मध्यावर. या समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे, ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे दोन महाराष्ट्रीय जाणकार होते. समितीने शालिवाहन शकावर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सुचवली. ती २२ मार्च १९५७ पासून सरकारी कामकाजात लागू झाली.

साहांना तो दिवस पाहता आला नाही. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असताना वाटेतच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वय बासष्ट.

त्यांच्या समीकरणात आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाला लागू असलेलेच आकडे आहेत. आपल्या रक्तात आणि मज्जातंतूंत फिरणारा सोडियम हा इलेक्ट्रॉन गमावलेला आयन असतो. तो तसाच राहतो, म्हणून आपण मीठ निर्धास्तपणे खाऊ शकतो. धातुरूप सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो. शेगडीच्या ज्योतीत मात्र सोडियमला त्याचा इलेक्ट्रॉन क्षणभर परत मिळतो आणि तेव्हाच तो पिवळा प्रकाश देतो. पुढच्या वेळी आमटी उतू जाईल, तेव्हा गॅस बंद करण्याआधी त्या पिवळ्या ज्योतीकडे एक क्षण पाहा.